'मी'ची ओळ

लहबीबने फळ्यावर 'खाणे' हे क्रियापद लिहिले आणि खडू खाली ठेवतो न ठेवतो तोच मागून आवाज आला.

"मास्तर, खाणं नको. रडणं घ्या."

बायकांनी वळून पाहिले. घालिया भिंतीला टेकून बसली होती. वर्गात ती नवीन होती. वाळवंटातल्या निर्वासितांच्या छावणीतल्या महिला केंद्रात दुपारच्या स्पॅनिशला यायला लागून तिला फार दिवस झाले नव्हते, आणि इतके दिवस तिने तोंड उघडले ते फक्त सगळ्यांबरोबर क्रियापदांचा पाढा म्हणायला.

"अगं, खाणं घेऊ दे की," मिनतू आजी म्हणाली. वर्गात सर्वांत म्हातारी तीच. "रडायला स्पॅनिश कशाला लागतं? ते मला जन्मल्यापासून येतं."

"आणि खायला लागतं होय, आजी?"

"लागतं तर. रेशनच्या डब्यावर काय लिहिलंय ते कळायला नको? मागच्या खेपेला मासे समजून शेजारणीनं वाटाणे आणले."

हशा पिकला. शेजारीण तिथेच बसली होती, ती सर्वांत जास्त हसली. लहबीबने बाहीने 'खाणे' पुसले आणि 'रडणे' लिहिले. आपल्या अक्षराकडे त्याने जरा जास्तच वेळ पाहिले. मग नेहमीप्रमाणे एकाखाली एक सहा ओळी काढल्या. मी, तू, ती, आम्ही, तुम्ही, त्या.

धडा भूतकाळाचा होता, पण घडले आणि संपले असा भूतकाळ नव्हे. पुन्हा पुन्हा घडत असे, कधी सुरू झाले आणि कधी थांबले ते सांगता येत नाही, असा. हा काळ कसा समजावून द्यावा या चिंतेत त्याने आदल्या आठवड्यात पुस्तके उलटीपालटी केली होती. त्याची गरजच पडली नाही. समुद्राकाठची सोडून आलेली गावे, तिथल्या विहिरी, तिथले उंट, यांच्याविषयी या बायका घरीही ह्याच काळात बोलत. तिथे पाऊस पडायचा. तिथे माझे वडील मासळी आणायचे. ज्यांनी ती गावे पाहिली नव्हती त्यासुद्धा तशाच बोलत.

"यो योराबा," बायका एका सुरात म्हणाल्या. मी रडत असे.

लहबीबने खडूचे टोक दुसऱ्या ओळीवर नेले आणि तिथून पुढे आपला आवाज त्यांच्यात मिसळला. "तू योराबास." शेवटचा 'स' त्याने गिळला. क्युबात सगळे गिळतात. तो तिथेच शिकला होता, आणि आता वाळवंटातल्या या बायकाही 'स' गिळत. स्पेनहून येणाऱ्या पाहुण्यांना त्याचे फार हसू येई.

"एक विचारू का मास्तर?" पाढा संपल्यावर मिनतू आजी म्हणाली. "पहिल्या ओळीला तुम्ही नेहमी मुके का होता?"

"ती तुमची ओळ आहे," तो म्हणाला. "तुम्ही म्हणायची."

"बघा! आम्हाला रडायला लावून स्वतः दुसऱ्या ओळीपासून येतात."

पुन्हा हशा झाला. तोही हसला, आणि हसताना त्याने फळ्याकडे तोंड केले.

वर्ग सुटल्यावर घालिया थांबली. बाकीच्या जणी डोक्यावरून अंगाभोवती गुंडाळलेल्या मेल्फ्याची टोके सावरत वाऱ्यात बाहेर पडेपर्यंत ती चटईच्या कडेची वाळू बोटाने झटकत राहिली.

"उद्या एन्कार्ना येतेय," ती म्हणाली.

ते छावणीत सर्वांना ठाऊक होते. घालियाची मुलगी तेक्बर चार उन्हाळे स्पेनला या एन्कार्नाच्या घरी जाऊन राहिली होती. इथे उन्हाळ्यात दगडावर रोटी भाजेल असे ऊन पडते, म्हणून लहान मुलांना तिकडच्या कुटुंबांत पाठवतात, आणि शाळा उघडायच्या आत ती परत येतात. जाडजूड, नवे बूट घातलेली, आणि पहिले काही दिवस आईशी जरा परक्यासारखी वागणारी.

"या वेळी ती तेक्बरला मागायला येतेय. उन्हाळ्यापुरती नाही. शाळेसाठी. सप्टेंबरात न्यायची, आणि मग शाळा संपेपर्यंत तिकडेच." घालियाने मान वर केली. "मला तिला एक गोष्ट विचारायचीय. माझ्या तोंडानं. गेल्या खेपेला तेक्बर मधे बसून सांगत होती. मी दहा वाक्यं बोलायची, ती दोन सांगायची. एन्कार्ना अर्धा तास बोलायची, आणि ही म्हणायची, आई, ती म्हणते चहा छान आहे."

लहबीबला हसू आले.

"काय विचारायचंय?"

"रात्री रडायची का, ते."

त्याच्या हातातला खडू मोडला. तुकडे उचलायला तो खाली वाकला.

"रडत असेल तर नाही पाठवणार," घालिया म्हणाली.

"आणि नसेल तर?"

घालिया पुन्हा चटईवरची वाळू झटकू लागली. मग म्हणाली, "तुम्ही तर तिच्याएवढेच होता, गेलात तेव्हा. तुम्ही रडायचात का मास्तर?"

"हो," तो म्हणाला. "सगळीच मुलं रडायची."

त्याला हे उत्तर द्यायला विचार करावा लागला नाही. ते फार दिवसांपासून तयारच होते.

घरी जाताना वारा समोरून येत होता. त्याने डोक्याचे फडके तोंडावर ओढून घेतले, आणि तोंड झाकले गेले याचे त्याला बरे वाटले.

अकरा वर्षांचा असताना त्याला बोटीत बसवून क्युबाला पाठवले होते. तो परतला तेव्हा त्याला दाढी होती. मधल्या वर्षांत येणे-जाणे नव्हते. बोटीत तो रडला होता, तिथल्या पहिल्या पावसाळ्यातही रडला असेल. पुढे नाही. पपनसांच्या बागांतून सकाळी फळे तोडायची, दुपारी शाळा, संध्याकाळी समुद्र. मुले शर्ट काढून पाण्यात उड्या मारत. तो हसायचा. इतका हसायचा की त्याचे नावच मुलांनी दातांवरून पाडले होते. वाचनालयातली बाई त्याला दोन पुस्तके जास्त देई. रात्री उशीवर डोके ठेवले की सकाळच होई. एकदा आजारी असताना त्याने आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि त्याला तो आठवला नाही. तो घाबरला. मग बरा झाला आणि विसरला.

परत आला तेव्हा आई तंबूच्या दारात उभी होती. तिचे बोलणे त्याला कळत होते, पण तोंडातून आपली भाषा निघत नव्हती, स्पॅनिशच निघे. आईने त्याला शेजारी बसवले, चहा केला, आणि चहा ओतता ओतता विचारले, "रात्री रडायचास का रे?"

तंबूचे कापड ठिकठिकाणी ठिगळलेले होते. आईचे हात पाण्याचे डबे वाहून वाकडे झाले होते. पपनसाला आपल्या भाषेत काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हते, बहुधा शब्दच नव्हता. आणि शब्द असता तरी त्या तंबूत बसून कोणत्या तोंडाने सांगायचे?

"रोज रात्री," तो म्हणाला.

परत आल्यावर आपल्या भाषेत आईशी बोललेले ते त्याचे पहिले शब्द.

त्यानंतर आई जगली तोवर मधूनच, चहाचा पेला हातात देताना, किंवा तो पुस्तक वाचत पडलेला असताना, त्याच्या डोक्यावरून हात फिरवी आणि म्हणे, "मला माफ कर हो बाळा. मी पाठवलं तुला." तो म्हणे, जाऊ दे आई. खरे सांगायचे तो दर वेळी ठरवी. पण आधीच एवढा उशीर झालेला असे की आता सांगणे म्हणजे दुसरा अपराध, असे त्याला वाटे. शेवटच्या आजारातही ती तेच म्हणाली. तेव्हाही तो म्हणाला, जाऊ दे.

एन्कार्ना आली ती दोन पेट्या घेऊन आणि अंगावर मेल्फा गुंडाळून. तो सारखा घसरत होता आणि तेक्बर तो सारखा सावरत होती. बायकांनी जिभा वळवून आरोळ्या दिल्या. घालियाने पाहुणीच्या हातांवर अत्तर शिंपडले. पेट्या उघडल्यावर त्यातून जैतुनाचे तेल, चष्मे, पेन्सिली आणि मसुरीच्या डाळीच्या पिशव्या निघाल्या.

"इतक्या लांबून मसूर!" मिनतू आजी लहबीबच्या कानाशी म्हणाली. "रेशनची मसूर खाऊन खाऊन माझ्या पोटात पीक यायची वेळ आली. तिला सांगू नका हं मास्तर. म्हणावं, फार दुर्मीळ वस्तू आणलीस."

त्याने तसे सांगितले. एन्कार्ना खूश झाली. ती ठेंगणी, मोठ्या आवाजाची बाई होती. तिची स्वतःची मुले मोठी होऊन शहरांत गेली होती. बोलताना ती समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवी.

दुपार कलल्यावर इतर बायका आपापल्या घरी गेल्या. तंबूत घालिया, एन्कार्ना, तेक्बर आणि लहबीब उरले. घालियाने कोळशावर किटली ठेवली. पहिला चहा झाला. पहिला आयुष्यासारखा कडू, दुसरा प्रेमासारखा गोड, तिसरा मरणासारखा मऊ, हे तीन चहांविषयीचे वाक्य एन्कार्नाने म्हटले, जे तिकडचे सगळे पाहुणे पहिल्या पेल्याबरोबर म्हणतात, आणि घालियाने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावली. मग एन्कार्नाने शाळेचे सांगितले. घरापासून किती जवळ आहे, वर्गात किती मुली आहेत, डोंगराकडे उघडणारी खोली तेक्बरसाठी कशी रंगवून ठेवली आहे. लहबीब एकेक वाक्य सांगत गेला. हे सोपे होते. तेक्बर एन्कार्नाला खेटून बसली होती आणि गालिच्याच्या नक्षीवरून बोट फिरवत होती. बोट एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाई, थांबे, परत येई.

दुसरा चहा ओतून झाल्यावर घालियाने किटली खाली ठेवली. मेल्फा कपाळावर नीट ओढला. वर्गात उभी राहावी तशी ती ताठ झाली.

"एन्कार्ना," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. "तेक्बर. तुझ्या घरी. रात्री. रडायची?"

क्रियापद बरोबर होते. शेवटचा 'स' गिळण्याचा प्रश्नच नव्हता, ती तिसरी ओळ होती, तिला 'स' नसतोच. लहबीबला एक क्षण अभिमान वाटला.

एन्कार्नाने दोन्ही हात हवेत उडवले.

"नो, नो, नो! अगं बाई, रडतेय कसली!" आणि ती मान हलवत, हसत, भरभर सांगू लागली. "ढाराढूर झोपायची. सकाळी मी पांघरूण ओढलं तरी उठायची नाही. न्हाणीघरात गाणी म्हणायची, एवढ्या मोठ्यानं की शेजारचा म्हातारा भिंत ठोकायचा. पहिल्या वर्षी मीच रडले, ही परत निघाली तेव्हा. ही नाही! विमानतळावर मलाच म्हणते, रडू नकोस, मी येईन. अगं, एकही दिवस नाही गं. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस, घालिया. तुझी पोर सुखात होती, माझी शपथ!"

तिने घालियाच्या गुडघ्यावर हात ठेवला. घालियाने लहबीबकडे पाहिले.

तेक्बरचे बोट गालिच्यावर थांबले होते.

कोळसा फुटल्याचा बारीक आवाज झाला. लहबीबने तोंड उघडले. वाक्य त्याच्याजवळ होते. आपल्या भाषेत ते फार लहान होणार होते, चारपाच शब्दांचे. समोर घालिया बसली होती, किटलीची मूठ धरून, आणि तंबूच्या कापडाला वरच्या बाजूला नवे ठिगळ होते.

"म्हणते," तो म्हणाला, "रोज रात्री."

तेक्बरने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मोठ्या माणसाचा कपडा सुटलेला दिसला तर मुले जशी बघतात तशी तिने बघितले आणि लगेच नजर खाली वळवली. एन्कार्ना, आपले बोलणे इतके थोडक्यात आटोपले याचे थोडे नवल वाटून, दोघांकडेही बघून हसत होती.

घालियाने पेले जवळ ओढले. एका पेल्यातला चहा दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात, उंचावरून, फेस येण्यासाठी ती ओतत राहिली. फेस केव्हाच आला होता. तरी ती ओतत होती.

मग ती मुलीकडे वळली.

"तू सांग तिला."

"काय?"

"सप्टेंबरात घेऊन जा म्हणावं. पण दर शुक्रवारी मला फोन. आणि थंडीत कान झाकायला सांगावं, तुझे कान दुखतात. सगळं सांग. माझी दहा वाक्यं असतील तर दहाच सांग."

तेक्बरने लगेच सुरुवात केली नाही. तिने आधी मास्तरांकडे पाहिले. त्यांची परवानगी लागते की काय, अशी. लहबीबला मान हलवावी लागली. मग मुलगी बोलू लागली. स्वच्छ, चटपटीत स्पॅनिश, प्रत्येक 'स' जागच्या जागी. तिने एकही वाक्य गाळले नाही. कान दुखण्याचेही सांगितले. एन्कार्ना रडू लागली आणि तिने तेक्बरला कवळले, आणि मग हात लांब करून घालियालाही ओढले, आणि पेला कलंडला.

तिसऱ्या चहाला थांबावे लागू नये म्हणून लहबीब उठत होता. तिसऱ्या पेल्याआधी उठणे हा अपमान समजतात हे त्याला माहीत होते. तो पुन्हा बसला. पेला आला. त्याने तो गरमच घशाखाली घातला.

घालिया त्याला पोचवायला तंबूच्या दोरांपर्यंत आली. बाहेर शेळ्यांच्या पत्र्याच्या कुंपणावर वारा खडखडत होता.

"घालिया, मी..."

"मास्तर," ती म्हणाली, "'नो' कळायला मला वर्ग लागत नाही."

त्याने खाली पाहिले. तिच्या पायात मुलीचे जुने बूट होते, टाचा दुमडून घातलेले.

"मला बरं वाटावं म्हणून बोललात, ते समजतं मला," ती म्हणाली. आवाजात टोचणी नव्हती, आणि त्याला ती हवी होती. "पण चार उन्हाळे मी झोपले नाही हो. इथं पडल्या पडल्या वाटायचं, आत्ता रडत असेल. आत्ता मला हाका मारत असेल, आणि त्या बाईला आपली भाषा कळत नसेल." तिने मेल्फ्याच्या टोकाने डोळे पुसले, वाळू गेल्यासारखे. "आज झोपेन. गाणी म्हणायची म्हणे. गाणी म्हणायची, असंच म्हणाली ना ती?"

"हो," तो म्हणाला. "न्हाणीघरात."

"कोणती गाणी?"

"ते सांगितलं नाही."

"विचारते तेक्बरला," घालिया म्हणाली आणि आत गेली.

तो घरी आला. खोलीत पुस्तकांची पेटी होती, तिच्यावरची वाळू त्याने सवयीने झटकली. आईच्या बसण्याच्या जागेसमोर भिंतीवर एक फोटो होता. त्यानेच क्युबातून कुणाच्या तरी हाती पाठवलेला. आधी तो तंबूच्या खांबाला बांधलेला असे, मातीची खोली बांधल्यावर आईने तो इथे लावून घेतला होता. समुद्राकडे पाठ करून तीन मुले उभी आहेत, उघडी, ओलीचिंब. मधल्याचे तोंड इतके उघडे आहे की दाढासुद्धा दिसतात. 'रोज रात्री' असे तो म्हणाला होता तेव्हा हा फोटो आईच्या डोक्याच्या वर टांगलेला होता. माफ कर म्हणताना ती या फोटोच्याच समोर बसलेली असे.

बाहेर कुणीतरी पाण्याच्या टाकीचे झाकण लावले. लहबीब आईच्या जागेवर बसला, आणि ती जिथून पाही तिथून त्याने फोटो पाहिला. बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला तेव्हा फळ्यावर 'रडणे' अजून तसेच होते. बायका येऊन बसल्या. घालिया मागे, भिंतीपाशी. तिचे डोळे झोपेने सुजलेले होते.

"आज तरी खाणं घ्या," मिनतू आजी म्हणाली. "मसूर आणलीय पाहुणीनं, कारण आहे."

त्याने फळा पुसला. सहा ओळी काढल्या. वर 'हसणे' असे लिहिले.

"हं," मिनतू आजी म्हणाली. "हेही बरं आहे. दात दोनच आहेत, पण चालतील."

खडूचे टोक पहिल्या ओळीपाशी टेकले. बायकांनी सवयीने श्वास घेतला. पण त्याआधीच लहबीबचा आवाज निघाला, वर्गाच्या मानाने फार हळू, आणि मधेच घोगरा होऊन थांबलेला.

"यो रेईया."

आता आपण म्हणायचे की पुढची ओळ येणार, बायकांना कळेना. तो फळ्याकडे तोंड करून उभा होता. खडू पुढे सरकला नाही.

"पुन्हा एकदा म्हणा मास्तर," मागून घालिया म्हणाली. "नीट ऐकू आलं नाही."